लेबर रूममधली सिस्टर

सरळ होणाऱ्या बाळंतपणात बाईच्या उशाशी सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, तर लेबर रूमची सिस्टर. डॉक्टर दाखल करताना तपासतात, अधूनमधून फेरी मारतात, काही अडलं की धावत येतात. पण पहिलटकरणीच्या कळा सुरू झाल्यापासून मूल हातात येईपर्यंत बारा-चौदा तास सहज जातात आणि त्यातले बहुतेक तास सिस्टरच्या नजरेखाली जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तर बाळंतपण बहुधा तीच करते. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ६४.६ टक्के होतं. २०१९-२१च्या पाहणीत ते ९४.७ टक्क्यांवर गेलं. २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, २०११पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत करणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, या सगळ्यांनी बायकांना दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं. दाराच्या आत त्यांचं काय होतं, हे मात्र बरंचसं सिस्टरवर ठरतं.

हे काम पूर्वी सुईणीचं होतं. विटाळाच्या कल्पनेमुळे ते खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांवर सोपवलेलं असे आणि त्यांच्या हातातलं कसब शिकण्याजोगं आहे, असं कोणाला वाटत नसे. महाराष्ट्रात ही समजूत मोडायला ज्यांनी हातभार लावला, त्यांत रमाबाई रानडे यांचं नाव ठळक आहे. १९०९मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून मुली आणि विधवा बायका ससून रुग्णालयात नर्सिंग आणि सुईणपण शिकायला जाऊ लागल्या. पांढरपेशा घरातल्या बाईने परक्या बाईचं बाळंतपण करायला हात लावणं त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आज दोन वर्षांचं शिक्षण घेतलेली एएनएम उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. ग्रामीण रुग्णालयापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांची बी.एस्सी. केलेल्या स्टाफ नर्स असतात. जीएनएम आणि बी.एस्सी. झालेल्यांची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी असते. म्हणजे कागदावर त्या दोन्ही आहेत. व्यवहारात मात्र लेबर रूममध्ये तयार झालेली सिस्टर सहा महिन्यांनी सर्जिकल वॉर्डात जाते आणि तिच्या जागी हाडांच्या वॉर्डातली सिस्टर येते. केंद्र सरकारने २०१७च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या नर्सेसची अशी अदलाबदल करू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याचं कारण तिचं काम जवळून पाहिलं की कळतं.

बाई दारातून आत येते, तेव्हापासूनच सिस्टरचं तपासणं सुरू होतं. पाय ओढत चालते की धावत आणली आहे, दोन कळांच्या मध्ये बोलू शकते की नाही, साडी ओली आहे का, चेहरा सुजलेला आहे का, हे कॉटवर झोपवायच्या आधीच बघून होतं. मग कार्ड हातात घेतलं जातं: कितवी खेप, आधीचं सिझर आहे का, हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता. ब्लड प्रेशर, लघवीतली प्रथिनं. “पाणी कधी गेलं? कोणत्या रंगाचं होतं?” हा प्रश्न ती दोनदा तरी विचारते. कारण पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केलेली असते आणि पुढचं सगळं गणित बदलतं. सोबत आलेली आई, सासू आणि आशाताई एकाच वेळी उत्तरं देत असतात आणि त्यांतलं कोणाचं धरायचं, हेही तिलाच ठरवावं लागतं.

त्यानंतरचं काम बाहेरून पाहणाऱ्याला काम वाटतच नाही. सिस्टर पोटावर तळहात ठेवून घड्याळाकडे बघत उभी असते. कळ आली की पोट हाताखाली कडक होतं, ओसरली की मऊ पडतं. दहा मिनिटांत अशा किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, हे मोजायचं असतं. दहा मिनिटांत तीन ते पाच आणि चाळीस सेकंदांच्या आसपास टिकणाऱ्या कळा म्हणजे बाळंतपण पुढे सरकतं आहे. पाचाहून जास्त येऊ लागल्या आणि मध्ये पोट मऊच पडेना, तर बाळाला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही, कारण कळेच्या वेळी वारेतून होणारा रक्तपुरवठा आवळला जातो. शिकाऊ मुलगी बाईच्या ओरडण्यावरून कळ ओळखते. मुरलेली सिस्टर हातावरून ओळखते. काही बायका कळ यायच्या आधीच घाबरून ओरडतात आणि काही दात आवळून गप्प पडून असतात. गप्प असणारीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका जास्त, आणि चांगली सिस्टर तिच्याकडेच अधिक वेळा जाते.

कळ ओसरली की डॉपलर किंवा साधं फेटोस्कोप लावून बाळाचे ठोके ऐकायचे. मिनिटाला ११० ते १६० हे ठीक. कळा देण्याच्या पहिल्या टप्प्यात निदान दर अर्ध्या तासाने, बाई जोर लावू लागली की दर पाच मिनिटांनी. एका पाळीत पाच बायका कळा देत असतील तर नुसत्या ठोक्यांचाच हिशेब किती होतो, ते वाचकाने करून पाहावं. सलाईनमधून कळा वाढवायचं औषध चालू असेल तर लक्ष आणखी हवं. ऑक्सिटोसिनचे थेंब जरा जास्त पडले तर गर्भाशयावर नको तेवढा ताण येतो, बाळ गुदमरतं, आणि आधीच्या सिझरचा व्रण असेल तर तो फाटूही शकतो. नातेवाईक मात्र बाहेरून म्हणत असतात, “सिस्टर, कळांचं इंजेक्शन द्या ना, लवकर मोकळी होईल.” इथे नाही म्हणता येणं हाही कौशल्याचाच भाग.

हे सगळं ज्या कागदावर उतरतं त्याचं नाव पार्टोग्राफ. हा कागद कसा जन्माला आला, हे सांगण्यासारखं आहे. १९७२मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी कळांचा आलेख दोन तिरप्या रेषांसह मांडला. दूरच्या दवाखान्यांत डॉक्टर नसत, मिडवाइफ असत. गर्भाशयाचं तोंड ताशी साधारण एक सेंटिमीटर या वेगाने उघडतं, असं धरून पहिली रेषा काढलेली होती. आलेख तिच्या उजवीकडे सरकला की बाईला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करायची. चार तास पुढे काढलेली दुसरी रेषा ओलांडली की काहीतरी करायलाच हवं. डॉक्टर जवळ नसताना थांबायचं कधी आणि हलवायचं कधी, एवढं एका नजरेत कळावं, हाच त्या रेषांचा हेतू. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो जगभर नेला. प्रत्येक बाईचं शरीर ताशी एक सेंटिमीटरचा नियम पाळत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसल्यावर २०२०मध्ये संघटनेने नवा तक्ता आणला. त्यात तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावरच कळांचा जोमाचा टप्पा सुरू झाला असं मानतात, आणि बाईसोबत कोणी आहे का, तिने काही प्यायलं का, दुखणं कमी करायला काय केलं, यांच्यासाठीही रकाने आहेत. आपल्याकडे पार्टोग्राफ पुष्कळदा बाळंतपण झाल्यावर एकदम भरला जातो. तसा भरलेला पार्टोग्राफ फाइलसाठी ठीक, बाईसाठी निरुपयोगी.

लेबर रूमच्या सिस्टरचा सगळ्यात अवघड निर्णय या कागदापाशी होतो: अजून थांबायचं, की डॉक्टरांना उठवायचं, की पुढे पाठवायचं. रात्री दोन वाजता फोन करून उगाच उठवलं म्हणून बोलणी खाल्लेली सिस्टर पुढच्या वेळी अर्धा तास जास्त थांबते आणि तो अर्धा तास महागात पडू शकतो. म्हणून ज्या दवाखान्यात फोन केल्याबद्दल सिस्टरला कोणी रागावत नाही, तिथे बाळंतीण जास्त सुरक्षित असते, असं म्हणायला हरकत नाही. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या अक्राणी भागात तर प्रश्न आणखी कठीण होतो, कारण घाटातून उपजिल्हा रुग्णालय गाठायला लागणारा वेळही निर्णयात धरावा लागतो. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राच्या आवारात ‘माहेरघर’ उभारलं जातं, ते यासाठीच: बाईने तारखेच्या आधीच येऊन राहावं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर डोंगर उतरावा लागणार नाही. पुढे पाठवतानाही काम संपत नाही. १०८च्या गाडीत बसवायच्या आधी सलाईन लावणं, चिठ्ठीवर दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ लिहिणं, पुढच्या रुग्णालयात फोन करून सांगणं, आणि गरज असेल तर स्वतः गाडीत बसणं.

तोंड पूर्ण उघडलं की बाईला बाळंतपणाच्या टेबलावर घेतात. कळ आली की जोर, ओसरली की श्वास. ही लय सिस्टर आवाजाने सांभाळते. “हनुवटी छातीला लाव, आणि संडासला लागल्यासारखा खाली जोर दे, ताई” ही सूचना प्रत्येक लेबर रूममध्ये ऐकू येते. डोकं दिसू लागलं की खरी कसोटी सिस्टरच्या हाताची. ते झटक्यात बाहेर येऊ द्यायचं नाही. एका हाताने डोक्याला आवर आणि दुसऱ्याने खालच्या भागाला आधार, म्हणजे फाटणं कमी होतं. सरसकट प्रत्येकीला कात्रीने छेद द्यायची जुनी सवय जागतिक आरोग्य संघटनेने मोडीत काढायला सांगितली आहे. पोटावर वरून दाब देण्याची सवयही तशीच, किंबहुना जास्त घातक. तरी या दोन्ही सवयी अनेक ठिकाणी टिकून आहेत. त्यामागे बऱ्याचदा घाई असते, कारण पुढची बाई टेबलाची वाट बघत असते.

बाळ बाहेर आल्यावरच्या पहिल्या मिनिटात सिस्टरला दोन जिवांकडे बघायचं असतं. बाळाला आईच्या पोटावर ठेवून कोरड्या, गरम कपड्याने पुसायचं. पुसण्यानेच बहुतेक मुलं रडतात. रडलं नाही तर पाठ चोळायची, तोंड-नाक साफ करायचं, आणि तरीही श्वास नसेल तर नाळ कापून वॉर्मरखाली नेऊन मिनिटभराच्या आत अँबू बॅगने श्वास द्यायला सुरुवात करायची, मिनिटाला चाळीस ते साठ. पूर्वी बाळाला उलटं धरून फटके मारत. त्याचा काही उपयोग नसतो, उलट इजा होऊ शकते. २००९पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात नर्सेसना हेच बाहुलीवर पुन्हा पुन्हा करायला लावतात, कारण ऐन वेळी विचार करायला सवड नसते. बाळ चांगलं रडलं तर नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधायची. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढच्या महिन्यांत त्याच्या अंगात लोह पुरेसं राहायला मदत होते.

दुसरा जीव आईचा. बाळ रडलं की बाहेरच्यांना वाटतं, सुटली. सिस्टरच्या लेखी सगळ्यात धोक्याचा तास तिथून सुरू होतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर गर्भाशय आकसून घट्ट झालं की रक्तवाहिन्या आवळल्या जातात; ते सैल राहिलं तर बाई काही मिनिटांत फिकी पडते. म्हणून बाळ झाल्यावर मिनिटभराच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटं, मग वार अलगद काढणं, ती पूर्ण आली का हे उलटसुलट करून बघणं, आणि पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बेंबीच्या खाली हात लावून गर्भाशय चेंडूसारखं टणक आहे ना, हे चाचपणं. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. फ्रिज बंद पडला तर कुपीत औषध दिसतं, पण त्याची ताकद गेलेली असते. म्हणून लेबर रूमच्या फ्रिजचं तापमान लिहिणं हीसुद्धा जीव वाचवणारी नोंद ठरते.

रक्त किती गेलं, हा प्रश्न वाटतो त्याहून फसवा आहे. चादरीवर पसरलेलं रक्त डोळ्यांना कमी दिसतं. या बाबतीत महाराष्ट्राच्या सीमेलगत बेळगावात मोठं काम झालं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायकांना एएनएमनी मिसोप्रोस्टॉलच्या किंवा दिसायला सारख्याच साध्या गोळ्या दिल्या. अर्धा लिटरहून जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात रक्त मोजायला बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावली होती. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत अशीच पिशवी आणि तिच्या जोडीला ठरलेले उपचार लगोलग देण्याची पद्धत तपासली गेली. २०२३मध्ये निकाल आला: नेहमीच्या पद्धतीत जास्त रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्याच वेळेत ओळखल्या जात होत्या, पिशवी लावलेल्या रुग्णालयांत ९३ टक्के ओळखल्या गेल्या आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. उपचारांत नवं औषध काही नव्हतं. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्सॅमिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी. एकामागून एक करत बसण्याऐवजी सगळं एकदम करायचं, आणि सुरुवात करायला कोणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही, एवढंच. नर्सच्या हाती साधन आणि मुभा दोन्ही दिली तर काय घडतं, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

झटके हे दुसरं मोठं भय. ब्लड प्रेशर वाढून बाईला फिट आली तर मॅग्नेशियम सल्फेट द्यावं लागतं: शिरेतून चार ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. औषध रामबाण, पण जास्त झालं तर श्वास थांबवणारं. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी सिस्टर हातोडीने गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का बघते, श्वास मोजते, लघवीची पिशवी तपासते, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी हाताशी ठेवते.

मग दार उघडून बाहेर सांगायचं. मुलगी झाल्याचं ऐकून जे चेहरे पडतात, ते सिस्टरला पहिल्यांदा दिसतात. जाणत्या सिस्टर “दोघी छान आहेत” असं आधी सांगतात आणि मग मुलगी झाल्याचं. बाळाला तासाभरात छातीशी लावणं हेही त्यांच्याच माथी. पिवळसर चीक फेकून द्यायचा आणि मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, ही घराघरांतली रीत मोडायला भाषणापेक्षा आजीला शेजारी बसवून बाळ चोखताना दाखवणं जास्त कामी येतं. पेढ्यांसोबत पुढे येणारी बक्षिसी हा मात्र या व्यवसायाला लागलेला डाग आहे. मोफत बाळंतपणाच्या दवाखान्यात कोणी पैसे मागितले, तर गरिबाच्या घरात त्या दवाखान्याची जी गोष्ट पोहोचते ती हीच.

यातच तुसडेपणाचा प्रश्न येतो आणि तो टाळून या नर्सेसबद्दल लिहिणं खोटं ठरेल. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणं, मांडीवर चापट मारणं, “नवऱ्याजवळ जाताना काही वाटलं नाही, आता कशाला ओरडतेस” असली वाक्यं बायकांना ऐकावी लागतात; गरीब, आदिवासी आणि चौथ्या-पाचव्या खेपेच्या बायकांना जास्त. २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातल्या अशा अपमानाविरुद्ध स्पष्ट निवेदन काढलं. बारा तासांची रात्रपाळी, दोन टेबलं, कॉटवर कळा देणाऱ्या चार-पाच बायका आणि एकच सिस्टर, ही परिस्थिती खरी आहे. भीतीही खरी आहे: बाईने नीट जोर लावला नाही आणि बाळ गुदमरलं तर जाब आपल्याला विचारतील, हे तिला ठाऊक असतं. पण गर्दी आणि भीती यांनी खेकसणं समजतं, माफ होत नाही. ज्या ठिकाणी वरिष्ठ सिस्टर स्वतः हळू आवाजात बोलतात, तिथे नव्याही तशाच बोलू लागतात. ही गोष्ट वरिष्ठांच्या वर्तणुकीतून खाली झिरपते.

सोबतीणीचा उपाय यावर सगळ्यात स्वस्त आहे. कळांच्या वेळी सतत कोणी आपलं माणूस जवळ असलं तर बाळंतपण थोडं लवकर होतं आणि सिझरची गरज कमी पडते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. केंद्र सरकारने २०१६मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला परवानगी दिली. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे आई बाहेरच्या बाकावर बसलेलीच असते. तिला आत घ्यायला दोन टेबलांमध्ये एक पडदा लागतो. कंबर चोळणं, पाणी पाजणं, धीर देणं आईने केलं की सिस्टरला ठोके ऐकायला हात मोकळे होतात. आईच्या देखत कोणी चापटही मारत नाही.

कागदांचा भार मात्र दर वर्षी वाढतोच. केसपेपर, बाळंतपणाचं रजिस्टर, औषधसाठा, जन्मनोंद, जननी सुरक्षा योजनेच्या पैशांसाठी बँक खात्याची माहिती, संगणकावरची पोर्टलं. एका बाळंतपणाची माहिती अनेक ठिकाणी लिहावी लागते. तपासणी सूची आणल्या की काम सुधारतं, हेही अर्धंच खरं. उत्तर प्रदेशातल्या १२० केंद्रांत अशा सूचीचा आणि तिच्यासोबत प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा मोठा प्रयोग झाला. २०१७मध्ये आलेल्या त्याच्या निकालात नर्सेसच्या सवयी सुधारलेल्या दिसल्या, पण माता आणि बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, गाडी आणि पुरेशी माणसं मागे उभी नसतील तर एकट्या सिस्टरच्या सुधारण्याने किती होणार?

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू नोंदले गेले. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. या फरकात रस्ते, रक्तपेढ्या आणि डॉक्टर यांचा वाटा आहे, तसा लेबर रूमच्या नर्सेसचाही आहे. २०१८च्या अखेरीस केंद्राने मिडवाइफरीची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या नर्सने आणखी अठरा महिने शिकून सरळ बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी स्वतः घ्यायची आणि डॉक्टरांनी गुंतागुंतीच्या केसेसकडे लक्ष द्यायचं. २०२३च्या कायद्याने नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आणि मिडवाइफरीचं नाव कायद्याच्या शीर्षकातच आलं. आता प्रश्न पदांचा आहे. मिडवाइफसाठी वेगळी पदं, वेगळी वेतनश्रेणी आणि बढतीची वाट राज्यांनी आखली नाही, तर अठरा महिने शिकून आलेली सिस्टरही पुढच्या अदलाबदलीत सर्जिकल वॉर्डातच जाईल.